मावशीची बुटकी अंबाडी

आमच्या मावशीला कुठलंही झाड स्वतःपेक्षा उंच झालेलं खपत नसे. आणि मावशी होती जेमतेम साडेचार फूट, त्यातही कमरेत वाकलेली. आता तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्या झाडांनी वाढून वाढून वाढायचं तरी किती!

मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. ती माझी घरमालकीण. सात-आठ वर्षांमागे मी अनसिंगच्या एका शाळेवर विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो आणि तिच्या घराची रस्त्याकडची खोली किरायानं घेतली. ती एकटीच राहायची. नवरा फार पूर्वी वारलेला, एकुलती एक पोरगी जऊळक्याला दिलेली. घराला लागूनच अर्धा एकर मळा आणि त्यात भाजीपाला. रोज सकाळी स्टँडजवळच्या चौकात पोतं अंथरून ती भाजी विकायची. साऱ्या गावाची ती मावशी, म्हणून माझीही झाली.

खोली बघायला गेलो तेव्हा ती वांग्याच्या रोपापुढे उकिडवी बसली होती. मान वर न करता तिनं माझी परीक्षा घेतली.

"गाव कोन्तं?"

"इंझोरी."

"दारू?"

"नाही."

"बिडी, सिगरेट?"

"नाही हो मावशी."

"पाय बरं, ध्यानात ठेवजो. धुराचा वास आला का सामान रस्त्यावर. मंग मास्तर असो नाही त कलेक्टर."

आणि बोलता बोलता तिनं त्या रोपाचा शेंडा अंगठ्याच्या नखानं कट्‌कन खुडला. चांगलं तरारलेलं रोप होतं हो!

"काहून तोडलं?" मी विचारलं.

"तोडलं नाही, खुडलं. तोडणं येगळं, खुडणं येगळं. मास्तर होय नं तू?"

तिच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. रोजच्या हिरव्या रसानं ते काळं पडलं होतं. कात्री तिला चालत नसे. "कैचीले डोये नसते," ती म्हणायची. "नखाले समजते कुठं कवळं आहे, कुठं जून." रोपाला सात-आठ पानं आली की तिचा अंगठा शिवशिवायला लागायचा. शेंडा गेला की पानांच्या बगलेतून फुटवे यायचे, एकाचे दोन, दोनाचे चार. मग त्या फांद्या ती हलक्या हातानं बाहेरच्या बाजूला वाकवायची आणि चिंध्यांनी खुंट्यांना बांधून टाकायची. "मधात ऊन पडलं पायजे. नाही त मधातलं लेकरू उपाशी मरते." सारा मळा पट्ट्या बांधलेल्या पेशंटांचा वॉर्ड वाटायचा. चिंध्या म्हणजे तिची जुनी लुगडी. एकदा मात्र माझं वाळत घातलेलं बनियान गायब झालं आणि चार दिवसांनी मिरचीच्या झाडांना बांधलेलं सापडलं. मी जाब विचारायला गेलो, तर म्हणे, "भोकं पडेल होते त्याले. मास्तर माणसानं भोकाचं बनियान घालू नाही." झालं! चोरी तिची आणि खाली मान माझी.

खुडलेल्या झाडाकडे आठ दिवस बघायचं नाही, असा तिचा दंडक होता. का, तर त्याला लाज वाटते. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. मी एकदा तिला बसवून समजावलं की मावशी, शेंड्यात एक रस असतो, तो बाजूच्या फुटव्यांना दाबून ठेवतो, शेंडा गेला की दाब जातो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर सांगतलं. आमच्या इथल्या मोठ्या जावेवानी असते तो." त्या वर्षी मी नववीच्या वर्गाला तो धडा मोठ्या जावेचं उदाहरण देऊनच शिकवला, आणि एकही पोरगं तो प्रश्न चुकलं नाही.

या खोडीला मळ्याची हद्द नव्हती. कोणाच्या दारात हळद-कुंकवाला गेली, की गप्पा मारता मारता तिथली तुळस खुडून व्हायची. लग्नाच्या मांडवात शोभेच्या कुंड्या ठेवल्या होत्या, तर नवरी बोहल्यावर येईस्तोवर हिनं कुंड्यांची एक रांग उरकली. आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला एका पाहुण्यांच्या हस्ते अशोकाचं रोप लावलं होतं. मावशी एक दिवस मला डबा द्यायला आली आणि जाताना त्याचा शेंडा घेऊन गेली. आता अशोकाचं काम काय, तर सरळ वर जायचं. आमचा अशोक बोरीच्या झुडपासारखा पसरला. हेडमास्तर डोक्याला हात लावून बसले. "पाहुणे पुन्हा आले तर काय दाखवू मी त्यांना?" मावशीला बोलावून विचारलं, तर ती म्हणते, "सावली पाय ना सायेब किती पडून राह्यली! पोट्टे बसते खाली." आणि बसायची खरंच पोरं तिथं. डबा खायला तीच जागा सगळ्यांना लागायची.

मला मात्र या सगळ्यातून बोध काढायची भारी हौस. एकदा प्रार्थनेच्या वेळी मी पोरांना सांगितलं की माणसानंही आपल्या अहंकाराचा शेंडा खुडावा. घरी येऊन मोठ्या अभिमानानं मावशीला सांगितलं. ती भडकलीच. "माणूस काय अंबाडी होय? लेकरायचे शेंडे गिंडे खुडाचं काही शिकवजो नको बाप्पा. त्यायले जाऊ दे वर."

अंबाडीचं नाव निघालंच आहे तर सांगतो, कारण मावशीचा जीव होता तो अंबाडीतच.

आमच्या वऱ्हाडात अंबाडी कोणाला माहीत नाही? तुरीच्या, कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिचं एक तास, एक ओळ पेरतात. काठीसारखी सरळ वाढते, माणसाच्या डोक्यावर जाते. हाताच्या बोटांसारखी चिरलेली पानं, चवीला आंबट. कण्या घालून भाजी करायची, वरून लसणाची फोडणी, संगं ज्वारीची भाकर. पण मावशीची अंबाडी जगावेगळी होती. खुडून खुडून, वाकवून वाकवून तिनं ती कमरेइतकी ठेवलेली, आणि रुंदी अशी की एका झाडाला दोन्ही हातांनी कवळ घालावी लागे. कायम कोवळा पाला. गावातल्या बायका तिच्यासाठी थांबून राहायच्या. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, नैवेद्याला आमच्याकडे अंबाडीची भाजी लागतेच, आणि अनसिंगच्या कितीतरी घरांत ती मावशीचीच जायची. त्या दोन दिवसांत तिचा तोरा बघावा! "माही अंबाडी घरोघरच्या लक्ष्म्या खाते," असं ती मला दहादा ऐकवायची.

आणि त्याच अंबाडीवर मी माती घातली. मीच, दुसरं कोणी नाही.

झालं असं. भादव्यातली सकाळ होती, रविवार. अंबाडी जोरात होती. लांबून बघितलं तर ती बुटकी, गच्च, चिरलेल्या पानांची झुडपं अगदी गांजाच्या झाडांसारखी दिसत होती. मी काळा चष्मा चढवला, झाडांमध्ये उभा राहून फोटो काढला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'अनसिंगच्या मावशीचा अस्सल माल. घरपोच मिळेल.' मित्रांनी हसून हसून लोळणारे चेहरे पाठवले. मला काय गुदगुल्या झाल्या! संध्याकाळी मी ते काढूनही टाकलं. पण तोवर कोणीतरी माझा चेहरा कापून नुसती झाडं आणि मजकूर ठेवला होता, आणि तो फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी दारात. मी दात घासत होतो. साहेब नवीन, दूरच्या जिल्ह्यातले. बरोबरचा शिपाई इकडचाच होता. तो झाडाभोवती दोनदा फिरला आणि डोकं खाजवत म्हणाला, "सायेब, पान त अंबाडीचं वाटते. पण अंबाडी अशी कुठं असते? ती तं सरळ जाते." बघा, बिचारा इकडचा होता म्हणूनच चुकला. लहानपणापासून धुऱ्यावरची अंबाडी बघितलेल्या माणसाला ही ओळखू येईना. त्यांनी एक झाड मुळासकट उपटलं. मावशी एवढंच म्हणाली, "पान न्या ना बापा. झाड कायले उपटता?"

रस्त्यावर पन्नास माणसं जमली होती. मी दाराच्या चौकटीत उभा, तोंडात ब्रश. एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, ही थट्टा मी केली. पण अजून कायम न झालेली नोकरी, पोलीस, शाळा... माझी दातखीळच बसली. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

संध्याकाळी साहेब परत आले. कृषी कार्यालयातून समजलं होतं की ही अंबाडीच आहे. भला माणूस, हात जोडून माफी मागून गेला. पण सकाळी गाडी आलेली साऱ्या गावानं पाहिली होती. संध्याकाळची माफी फक्त मी आणि मावशीनं पाहिली.

मग चौकात सुरू झालं. टवाळ पोरं यायची, "मावशे, त्यातली आहे का एखादी पुडी?" म्हणायची आणि फिदीफिदी हसायची. 'गांजावाली' हे नाव पडायला किती वेळ लागतो? मला वाटलं, चार दिवसांची थट्टा आहे, विसरतील. पण एक गोष्ट मला उमजत नव्हती. पोरं हसत होती ते ठीक, गावातली म्हातारी माणसं मात्र हसत नव्हती. ती नजर चुकवून पुढे जायची. महालक्ष्म्या आल्या. मावशीनं पहाटेच पाटी भरून अंबाडी नेली आणि दुपारी पाटी भरलेलीच परत आणली. "देवाच्या ताटात कायले शंका," असं कोणीतरी म्हणालं होतं म्हणे. जऊळक्याहून पोरीचा फोन आला. तो फोटो तिच्या सासूपर्यंत पोचला होता. मावशी फोनवर नुसतं "हो बाई, हो बाई" म्हणत होती. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

त्यानंतर मावशीनं खुडणं बंद केलं. चिंध्या सोडून टाकल्या. दसऱ्यापर्यंत त्या एकेका झाडाच्या पाच-सहा काठ्या तिच्या डोक्यावर गेल्या. एका सकाळी बघितलं तर ती आकडीची काठी घेऊन वरचा पाला ओढायची धडपड करत होती. तिचे हात पोचत नव्हते.

"मावशी, काहून वाढू दिली इतकी?"

"वाढू दे. बुटकी ठेवली का लोकाले गांजा दिसते. रस्त्यावरून दिसली पायजे, का अंबाडी होय मनून."

बस, मला नाही सहन झालं. मी तिथंच बांधावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. स्टेटस, चष्मा, दातखीळ, सगळं. सांगताना रडलो की काय ते आठवत नाही, बहुतेक रडलोच.

मावशीनं आकडीची काठी खाली घेतली. मग म्हणाली, "दाखोव." एका ग्रुपमध्ये तो फोटो अजून होता. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"फोटू चांगला आला झाडायचा," ती म्हणाली. मोबाईल परत दिला आणि काठी टेकून बसली.

"मास्तर, माहा मालक गांजा प्यायचा. प्यायचा आन लावायचाही. तुरीच्या तासात लपून. तुरीच्या वर दिसू नाही मनून ते झाडं बुटके ठेवा लागत. त्याचे हात थरथरायचे, मनून मले खुडाले लावे. सोया वर्साची नवी नवरी होती मी. कुठं खुडाचं, कसं वाकवाचं, कसं बांधाचं, समदं त्यानंच शिकवलं. मंग एक दिवस त्याले धरून नेलं. आला तं हाडं घेऊन आला, आन मेला. पोरीची सोयरीक दोनदा मोडली त्याच्यापायी."

तिनं आपला काळ्या नखाचा अंगठा बघितला.

"हात त्यानं शिकवला. आता हात काय फेकून देता येते काय? म्या त्या हाताले भाजी लावली. वांगे लावले, अंबाडी लावली. चाळीस वर्सं लागले बापा मले तो वास घरातून काढाले. तुनं एका बोटानं परत आणला."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ जणांनी शिव्या दिल्या आहेत. यातली एकही शिवी नव्हती, आणि इतकं काही मला कधी लागलं नाही. मी म्हटलं, "मावशी, मी खोली सोडतो."

"काहून? त्वांड लपवून पयाले?" ती एकदम कडाडली. "आइतवारी माह्यासंगं चौकात बसजो. जिथं नाव गेलं तिथंच आणून दे."

रविवारी मी चौकात पोत्यावर बसलो. पुढे अंबाडीच्या जुड्या, शेजारी मावशी. स्टँडवर गर्दी. माझ्या वर्गातली दोन पोरं सायकलवरून जाताना उतरलीच. "सर, तुमी?" कान असे तापले की विचारू नका. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी चाचरत म्हटलं, "त्या फोटोबद्दल जरा गैरसमज झाला होता..."

मावशीनं माझ्या मांडीवर जुडीचा फटका मारला. "गैरसमज नाही. 'म्या खोटं लिवलं' असं मन."

"म्या खोटं लिवलं," मी म्हणालो. "फोटो मी टाकला होता. ही अंबाडी आहे."

"मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हटलं. मग प्रत्येकाला म्हटलं. पाच-सात जणांनंतर लाज सरली आणि माझा वर्गातला आवाज लागला. टवाळ पोरांचं टोळकं आलं, त्यांनाही खडसावून सांगितलं, तर त्यातला एक जण मुकाट्यानं एक जुडी घेऊन गेला. एका बाईनं विचारलं, "मावशे, हा कोन वं?"

"माहा किरायदार. यानं खोटं लिवलं व्हतं, आता खरं बोलून राह्यला. जुड्या किती देऊ?"

चौक हसला. मावशी नाही हसली, पण पाटी हलकी होत गेली. शेवटी तिच्याच वयाची एक म्हातारी आली. ती बराच वेळ बाजूला उभी राहून ऐकत होती. वाकून हळूच म्हणाली, "माय, महालक्ष्म्यायले म्या तुही अंबाडी नाही घेतली वं. चुकलं माह्यं." मावशीनं तिच्या पिशवीत जुडी टाकली, वर आणखी एक मूठ पाला टाकला आणि पदरानं डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं.

परत येताना मी पाटी डोक्यावर घेतली होती. घर जवळ आलं तेव्हा धीर करून विचारलं, "मावशी, गेला का राग?"

"राग काय असा एका बाजारात जाते? पुढच्या आइतवारी येजो."

पुढच्या रविवारी गेलो. त्याच्या पुढच्याही गेलो. अंबाडी संपली, मग मेथी आली, वांगी आली, उन्हाळ्यात कांद्याची पात आली. चौकातली माणसं मला 'मावशीचे मास्तर' म्हणायला लागली. 'गांजावाली' कधी बंद झालं ते कोणालाच कळलं नाही. मी वजन करायला शिकलो, घासाघीस करायला शिकलो. मावशी मला मधूनच भाकरीचा तुकडा द्यायची आणि गिऱ्हाइकांसमोर माझ्या लग्नाचा विषय काढायची. जूनमध्ये माझी बदली झाली, तोवर एक रविवार चुकला नाही.

राग गेला का, हे मात्र मी तिला पुन्हा कधी विचारलं नाही. भीती वाटायची. ती "गेला" म्हणाली असती, तर पुढच्या रविवारी मी कोणत्या तोंडानं तिच्याजवळ जाऊन बसलो असतो?